पेठेत किंवा गावात शिक्षण व रोजगार माहिती केंद्र कसे चालवावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरातल्या तालमींच्या, तरुण मंडळांच्या आणि गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर आयटीआय प्रवेश, शिष्यवृत्ती, मोफत प्रशिक्षण आणि नोकरभरती यांच्या संदेशांची रीघ लागते. त्यांतले काही दोन वर्षांपूर्वीचे असतात, काहींची मुदत आदल्याच दिवशी संपलेली असते, आणि जे खरे असतात तेही ज्याला हवे त्याच्या हाती वेळेवर पडतातच असे नाही. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून विद्यार्थी वसतिगृहांची रांग उभी केली, त्या शहरात शिक्षणसंस्थांची वानवा नाही. मात्र 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढताना, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडाची तरतूदही महाराजांना करावी लागली होती. सोय असणे आणि ती घरापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज दंड करता येत नाही, पण त्या अंतरात उभे राहणारे चार-पाच जाणते कार्यकर्ते प्रत्येक पेठेत मिळू शकतात. त्यांनी कामाला कशी सुरुवात करावी आणि ते कसे टिकवावे, याची ही माहिती आहे.

पहिली पायरी : थोडेच विषय घ्यावेत

सगळ्या योजनांची माहिती देणारे केंद्र काढण्याचा मोह टाळावा. आधी आपल्या भागातल्या पन्नास-साठ घरांत जाऊन तीनच प्रश्न विचारावेत : घरात दहावी-बारावीला कोण आहे, शाळा मध्येच कोणी सोडली आहे, आणि कामाच्या शोधात कोण आहे. उत्तरांवरून विषय आपोआप ठरतात. शिवाजी पेठेतली गरज चंदगडमधल्या वाडीची नसेल; हुपरीत चांदीकामाची, इचलकरंजीत यंत्रमागाची आणि शिरोली परिसरात फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाची) माणसे जास्त भेटतील. सुरुवातीला चार विषय पुरेत. प्रत्येक विषयाला एकच जबाबदार माणूस असावा, कारण सगळ्यांचे म्हणून सोपवलेले काम शेवटी कोणाचेच राहत नाही.

जागेसाठी खर्च करण्याचे कारण नाही. तालमीची खोली, गावचे सार्वजनिक वाचनालय किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह चालते. वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी. कारखान्यांची साप्ताहिक सुटी सगळीकडे रविवारीच असते असे नाही, आणि पाळीत काम करणारा बाप सकाळी अकराला येऊ शकत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास, पण न चुकता, असे ठरवले तर लोकांचा विश्वास बसतो. संस्था म्हणून नोंदणी करण्याची पहिल्या वर्षी गरज नसते; लोकांकडून पैसे मात्र कोणत्याही नावाखाली घेऊ नयेत.

दुसरी पायरी : माहिती तपासून मगच पुढे द्यावी

आलेला प्रत्येक संदेश चार कसोट्यांवर पाहावा : मूळ जाहिरात किंवा शासन निर्णय कोणी काढला, त्यावर तारीख कोणती, शेवटची मुदत कधी, आणि पात्रतेची अट नेमकी काय. यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर संदेश थांबवावा. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर क्रमांकासह मिळतो. तो उघडून वाचायला दहा मिनिटे लागतात. ‘नोंदणी शुल्क भरा, नोकरी पक्की’ असे सांगणाऱ्या कोणत्याही जाहिरातीला केंद्राच्या फलकावर जागा देऊ नये, मग ती ओळखीच्या माणसाने आणलेली का असेना. ओळखीच्या माणसाला नकार देणे अवघड जाते, म्हणून हा नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावलेला बरा.

अटी वाचण्यात किती फरक पडतो याचे एक उदाहरण पाहावे. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून एखादी मुलगी व्यवस्थापन कोट्यातून जागा घेते आणि सवलत गमावते, कारण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. शिवाय सवलत शुल्काची आहे. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च उरतोच. ही दोन वाक्ये जोडून सांगितली तरच माहिती पूर्ण होते.

तिसरी पायरी : कागदपत्रांची तयारी निकालाच्या आधी करून घ्यावी

या कामाचा निम्म्याहून अधिक भार कागदपत्रांचा असतो, आणि संधी हातची जाते ती बहुधा इथेच. निकालानंतर सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रांत एवढी गर्दी होते की उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळेल याची खात्री राहत नाही. त्यामुळे रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) ही कामे परीक्षा संपताच, एप्रिल महिन्यातच हाती घ्यावीत. जातपडताळणीला जास्त वेळ लागतो. विज्ञान शाखेतल्या मुलांचा प्रस्ताव अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत जावा, असा आग्रह धरावा.

कागद जमले की ते शेजारी शेजारी मांडून नावे जुळवावीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘पाटील सुनीता मारुती’, आधारवर ‘सुनिता मारूती पाटील’ आणि बँकेच्या पासबुकावर वडिलांचे नावच नाही, असे प्रकार नेहमीचे आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मराठीत खपून जातो, पण इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर वेगळे असेल तर अर्ज अडकू शकतो. सर्वसाधारण नियम असा ठेवावा की शाळेचा दाखला हा पाया मानायचा आणि आधार व बँक खाते त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जात दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. खाते उघडताना विद्यार्थ्याचा किंवा घरातला कायम राहणारा मोबाईल क्रमांकच द्यावा. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचा क्रमांक टाकतो, पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तोवर त्याने सिमकार्ड बदललेले असते. दुसरी गोष्ट बँक खात्याची. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याशी जोडला असेल तेच खाते धरले जाते. गॅसच्या अनुदानासाठी कधीतरी उघडलेले, आता व्यवहार नसलेले खाते जोडलेले असेल तर पैसे तिकडे जातात किंवा परत फिरतात. म्हणून अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार जोडणीची खात्री करून घ्यावी.

अर्ज भरला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आणि मग संबंधित विभागाकडे जातो, आणि त्रुटी निघाली तर विद्यार्थ्याच्या खात्यावर परत येतो. परत आलेला अर्ज कोणी उघडून पाहिलाच नाही तर तो तिथेच बाद होतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती तपासणे ही केंद्राची जबाबदारी मानावी.

कोल्हापूरकरांना कागदपत्रांबाबत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या शेकडो घरांत पाणी शिरले आणि ट्रंकेतली, कपाटातली प्रमाणपत्रे भिजून लगदा झाली. पूररेषेतल्या पेठा आणि करवीर-शिरोळ तालुक्यांतली गावे यांनी मे महिन्यातच प्रत्येक घराची कागदपत्रे झिपच्या प्लास्टिक पिशवीत भरून घ्यावीत आणि डिजिलॉकर या शासकीय डिजिटल कपाटात गुणपत्रिका उतरवून ठेवाव्यात. ज्यांची दहावी-बारावीची गुणपत्रिका गेलीच असेल त्यांना राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत मिळते. बैठक क्रमांक आणि परीक्षेचे वर्ष माहीत असल्यास काम लवकर होते, म्हणून ते दोन आकडे तरी वहीत टिपलेले असावेत.

आधारच्या प्रती केंद्रात साठवू नयेत आणि गटावर तर अजिबात टाकू नयेत. ओळख पटवण्यापुरते काम असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार पुरते.

चौथी पायरी : प्रशिक्षणाची सांगड स्थानिक कामाशी घालावी

आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘शेजारच्याने इलेक्ट्रिशियन केले’ एवढ्यावर सुटतो. त्याऐवजी मुलाला आणि पालकाला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत यांपैकी एखाद्या ठिकाणी अर्धा दिवस न्यावे. ओळखीच्या कारखान्यात परवानगी काढून लेथ, व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारे धातू कापण्याचे यंत्र) आणि फाउंड्रीतले मोल्डिंग (साचे बनवणे), कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे बनवण्याची जागा) व फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणे) प्रत्यक्ष दाखवावे. उष्णता, वाळू आणि आवाज यांत आठ तास उभे राहायचे आहे की मशीनवर मापे घ्यायची आहेत, हे मुलाला पत्रकापेक्षा तिथे लवकर कळते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, तर वेल्डर एक वर्षाचा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला असतो, हे पालकांना आवर्जून सांगावे, कारण ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपले’ हा समज अजून घट्ट आहे.

आयटीआयनंतरचा दुवा शिकाऊ उमेदवारीचा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. लहान जॉबवर्क करणाऱ्यांवर बंधन नाही, तरी चार किंवा त्याहून अधिक माणसे असतील तर त्यांनाही उमेदवार घेता येतात. केंद्राने आसपासच्या कारखानदारांची यादी करून कोणाला किती जागा भरायच्या आहेत, हे वर्षातून दोनदा विचारावे. कारखानदार माणसे मिळत नाहीत म्हणतो आणि मुले काम मिळत नाही म्हणतात. दोघे एकमेकांपासून दोन किलोमीटरवर असतात.

ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना सरळ प्रशिक्षणाकडे ढकलण्याआधी 17 नंबरच्या अर्जाची माहिती द्यावी. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसण्याची ही वाट आजही खुली आहे, आणि दहावीच्या कागदाने पुढचे बरेच दरवाजे उघडतात. ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निवास-भोजनासह विनामूल्य शिकवते. स्पर्धा परीक्षा आणि कौशल्य प्रशिक्षणासाठी बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी) या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिराती नियमितपणे पाहाव्यात.

पारंपरिक कारागिरांचा गट वेगळा धरावा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार, सोनार आणि कुंभार हे तिन्ही आहेत, म्हणजे चप्पल कारागीर, चांदी कारागीर आणि गणेशमूर्ती घडवणारे कुंभार यांनी पात्रता तपासून घ्यायलाच हवी. प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे बाप की मुलगा, हे घरात बसून आधी ठरवावे.

पाचवी पायरी : पुस्तके आणि वस्तू यांची देवघेव

हे काम सोपे आहे आणि उत्साहाने होते, म्हणूनच त्यात कचरा साठतो. पुस्तक स्वीकारताना अभ्यासक्रम बदलला आहे का, एवढे पाहावे. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे तिच्या जुन्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचे गठ्ठे आता त्या परीक्षेच्या कामाचे नाहीत. ड्रॉइंग बोर्ड, व्हर्निअर कॅलिपर, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि सुस्थितीतला लॅपटॉप यांना मात्र खरी मागणी असते. त्या वस्तू नाव, तारीख आणि परतीची मुदत लिहूनच द्याव्यात.

सहावी पायरी : वही आणि पाठपुरावा

एक जाड वही घ्यावी. संगणकावर तक्ता केला तरी वही ठेवावी, कारण ती केंद्रात येणारा कोणीही उघडू शकतो. प्रत्येक व्यक्तीला एक पान द्यावे आणि त्यावर काय हवे होते, काय सांगितले, पुढची तारीख कोणती आणि सोबत कोण जाणार, एवढेच लिहावे. ‘माहिती दिली’ या नोंदीवर पान बंद करू नये. प्रवेश झाला, रक्कम खात्यात आली, कामावर रुजू झाला किंवा नकार मिळाला, यांपैकी काहीतरी लिहिले गेले तरच ते बंद करावे. नकाराचे कारणही लिहावे. तीच कारणे पुढच्या वर्षीच्या घरभेटीत उपयोगी पडतात.

पहिल्यांदा कार्यालयात जाणाऱ्याबरोबर शक्यतो कोणीतरी जावे, पण खिडकीवर बोलायचे त्यानेच. मुलगी एकटी जायला कचरत असेल तर तिच्या आईला सोबत न्यावे. बारावीनंतर अर्ज कसा भरायचा, हे आईलाही कळले की धाकट्या भावंडांच्या वेळी केंद्राची गरज कमी होते.

वर्षाच्या शेवटी एक काम उरते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांच्यावरील मुदत बहुधा 31 मार्चला संपते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वहीतली सगळी पाने चाळून ज्यांची मुदत संपत आहे त्यांची यादी फलकावर लावावी. कोणत्या महिन्यात नवा दाखला काढायचा हे प्रत्येकाला फोन करून सांगावे, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.