पेन घाटावर जाऊन का फुटतं? लेथवरच्या या चुका टाळा

फणसाच्या लाकडाचं, बरं म्हणावं असं माझं पहिलं पेन मी श्रावणात केलं आणि पुण्याच्या बहिणीला दिलं. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "दादा, तुझ्या पेनाला चीर गेलीय." फोटोत बघितलं तर पुढच्या टोकापासून मधल्या कडीपर्यंत सरळ, केसाएवढी चीर. रविवारी आमच्या पडवीत लेथभोवती (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) जमणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे अशा भेट दिलेल्या पेनाची एक तरी गोष्ट आहे, आणि त्यातलं पेन दरवेळी मुंबई नाहीतर घाटावर गेलेलं. मुंबईचं पेन टिकलं, घाटावरचं फुटलं. लाकडाला, किटला (पेनाच्या तयार धातूच्या भागांचा संच), गोंदाला सगळ्यांना नावं ठेवून झाली. चूक महिन्याची होती.

"लाकूड सुकलंय" म्हणजे कुठल्या हवेत सुकलंय?

किटमधली पितळी नळी आकसत नाही, लाकूड आकसतं. पावसाळ्यात आपल्याकडे कोकणात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 80 ते 90 टक्के असते. तशा हवेत सावलीतलं जुनं लाकूडही 16-18 टक्के पाणी धरून बसतं. तेच लाकूड देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात 6-7 टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. आता पेनाच्या टोकाला लाकूड उरतं किती? साध्या 7 मिमीच्या किटमध्ये बुशिंगजवळ (कातताना टोकाला बसणारी लोखंडी कडी) लाकडाची भिंत जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. आत न हलणारं पितळ, वर आकसणारं पापुद्र्याएवढं लाकूड. ते फुटणारच, आणि सुरुवात टोकापासूनच होणार.

सुतार सांगतो, "तीन वर्षं माळ्यावर होतं हो." तो खोटं बोलत नाही. पण माळ्यावरचं लाकूडही दर पावसाळ्यात पाणी पितं आणि दर उन्हाळ्यात सोडतं. उलट बाजूने, मार्चमध्ये कोरड्या लाकडाचं केलेलं पेन जुलैत थोडं फुगतं, कडीच्या वर बोटाला लागतं. चालेल, फुटत तरी नाही.

मी आता असं करतो. 20 मिमी चौकोनी, 125 मिमी लांब ठोकळे कापतो आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करून पेन्सिलीने ठोकळ्यावरच तारखेसह लिहितो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्या मधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात, हे विसरलं की सगळं मुसळ केरात. फणसाचा एक ठोकळा 32 ग्रॅमवरून हळूहळू 29 वर आला आणि पंधरा दिवस तिथेच थांबला. थांबला म्हणजे तयार. डब्यातून काढला की त्याच दिवशी नळी बसवायची, गोंद धरला की लगेच कातून फिनिश द्यायचं. आठवडाभर खिडकीत ठेवलात तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ओलं लाकूड थेट डब्यात टाकू नका, कडेने उकलतं. आधी दोन्ही तोंडांना मेणबत्तीचं मेण फासून सावलीत काही महिने राहू द्या.

भोक पाडताना

दुसऱ्या टोकाला ड्रिल बाहेर पडताना लाकूड टवका काढून फुटतं. उपाय सोपा: ठोकळा थोडा लांब ठेवा, ड्रिल आरपार न काढता आतच थांबवा आणि मग ते टोक करवतीने कापा, भोक आपोआप उघडं होतं. वेग कमी, 500 फेऱ्यांच्या आसपास, आणि दर सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडायचा. न झाडता दाबत गेलात की जळका वास येतो. त्या उष्णतेने आतून पडलेल्या बारीक चिरा तेव्हा दिसत नाहीत, फिनिश लावल्यावर दिसतात. पावसात मध्येच लाइट जाते तेव्हा ड्रिल भोकात अडकलेला असतो. लाइट येण्याआधी स्विच बंद करा, हे एकदा हात झटकून घेतल्यावर माणूस शिकतो.

दोन भाग कापण्याआधी ठोकळ्यावर एक लांब रेघ ओढा, नाहीतर वरच्या आणि खालच्या भागाच्या शिरा जुळत नाहीत. फणसाच्या पिवळ्या लाकडात ते लांबूनही दिसतं.

नळी अर्ध्यात अडकली

सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. म्हणजे रंग पावसात सुकत नाही म्हणून आपण कुरकुरतो, आणि हा मात्र पावसात जास्तच घाई करतो. नळी अर्धी आत गेली की तिथेच बसली. मग ड्रिलने पोखरून काढण्याशिवाय इलाज नाही. जून ते सप्टेंबर मी दोन ट्यूबमधलं, मिसळून लावायचं इपॉक्सी वापरतो आणि रात्रभर राहू देतो. नळी आधी 150 नंबरच्या काचपेपरने खरवडा. चकचकीत पितळाला गोंद धरत नाही. नळीचं तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबा, म्हणजे तिथे बूच बसतं आणि गोंद आत जात नाही. नंतर बटाटा टोकरून काढायचा.

टोकं सपाट करताना पितळ चमकलं की थांबा. "अजून थोडं" म्हणत नळीच घासलीत तर ती आखूड होते, आणि शेवटी पेन बंद केल्यावरही रिफिलचं टोक बाहेर डोकावत राहतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, किती घासलंस?

लाकूड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ

बहुतेक वेळा मँड्रेलची (ठोकळे ओवून लेथवर फिरवायची सळई) नट जास्त आवळलेली असते. सळई बारीक, आवळली की धनुष्यासारखी वाकते. बोटाने घट्ट, त्यावर किंचित, बस. तरीही लंबगोल येत असेल तर हेडस्टॉकचं (लेथचं फिरणारं डोकं, ज्यात मँड्रेल बसतो) शंकूचं भोक बघा. खाऱ्या वाऱ्यात तिथे आठवड्यात गंजाची पूड धरते, आणि तेवढ्या पुडीने मँड्रेल तिरका बसतो. काम संपलं की पुसून तेलाचा हात फिरवा, लेथच्या बेडवर मेण लावा.

माड आणि पोफळ कातायला घेतलीत तर धारेचा कस लागतो. काळे कडक दोरे आणि त्यांच्यामधलं भुसभुशीत अंग, पटाशी जरा बोथट असली तरी दोरे उपटून येतात. पातळ सुपरग्लू पाजून, सुकवून, मग धार लावलेल्या पटाशीने अगदी हलके हात घ्या.

काचपेपरचे नंबर गाळू नका, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून शिरेच्या दिशेने हाताने घासा. पेपर गरम लागला तर लाकूडही तापलंय. बुशिंगचं लोखंड घासून निघालेली काळी पूड फिकट लाकडात शिरते. ती फडक्याने नाही, फुंकून किंवा ब्रशने काढा.

फिनिश पांढरं पडलं

पुन्हा ओलावाच. पावसात फिनिश म्हणून सुपरग्लूचा जाड थर दिलात, वर ॲक्सिलरेटर (गोंद झटपट सुकवणारा फवारा) मारलात, की दुधी डाग आलेच. पातळ थर द्या आणि दोन थरांमध्ये वेळ द्या. लावायला टिश्यूपेपर घ्या, कापडाची चिंधी फिरत्या लेथवर कधीच नको. कापड गुंडाळलं गेलं की बोट सोबत जातं. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. शिसवाच्या पुडीने अंगाला खाज येते, मास्क लावा.

मला स्वतःला फणसावर लाखच आवडते. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी बघून लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायला शिकलो. घर्षणाने ती वितळून लाकडावर पसरते, दमट हवेत तिची कटकट नाही. फक्त घामट हातात रोज वापरायच्या पेनावर ती सुपरग्लूइतकी टिकत नाही.

चीर गेलीच तर

केसाएवढी असेल तर पेन सोडवू नका. त्याच लाकडाची बारीक पूड चिरेत भरा, वर पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. सुकल्यावर 600 ने घासा. हे उन्हाळ्यातच करा, चीर सर्वांत रुंद असते तेव्हा. बहिणीचं पेन मेमध्ये असंच बुजवलं. रेघ दिसते अजून, पण नखाला लागत नाही, आणि ती म्हणते नवीन नको, हेच राहू दे.