क्रेडिट कार्डाचा अर्ज भरण्याआधी आपला पतअहवाल कसा वाचावा

माझ्या धाकट्या बहिणीचा क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तिचा त्यावर विश्वासच बसेना. ती कराडला शिक्षिका आहे, पगार दरमहा वेळेवर जमा होतो आणि घराच्या कर्जाचा एकही हप्ता तिने आजवर चुकवलेला नाही. बँकेच्या संदेशात मात्र ‘अंतर्गत निकषांनुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ एवढेच लिहिले होते. आम्ही तिचा पतअहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदींचा कागद, काढला, त्याची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली आणि पेन्सिल घेऊन एकेक खाते तपासायला बसलो. स्कोअर होता ६६८. घरकर्जाच्या खात्यासमोर ०००, ०००, ००० अशी सरळ रांग होती. त्याच्या खालच्या खात्यात मात्र ०२९, ०५९, ०९०, १२० असे आकडे चढत गेले होते. ते खाते होते सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि एकदाच रेल्वेच्या तिकिटासाठी वापरून कपाटात ठेवून दिलेल्या कार्डाचे. त्यावर ५९० रुपये वार्षिक शुल्क लागले होते, बिले साताऱ्याच्या जुन्या पत्त्यावर जात होती आणि विलंबशुल्क साचत गेले होते.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला, कारण ‘सिबिल खराब आहे’ असे म्हणून आपण विषय तिथेच सोडून देतो. स्कोअर हा एक आकडा आहे, पण तो ज्या नोंदींतून निघतो त्या नोंदी बँक ओळीने वाचते. त्यामुळे त्या ओळी बँकेच्या आधी आपण वाचलेल्या असणे, हीच अर्जाची खरी तयारी आहे.

अहवाल कुठून मिळवावा

बँकांकडून आपल्या उधारीच्या नोंदी गोळा करून असे अहवाल तयार करणाऱ्या पतमाहिती कंपन्यांसाठी आपल्याकडे २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० साली, सर्वांत आधी स्थापन झाली. त्यामुळे तिचेच नाव स्कोअरला चिकटले. प्रत्यक्षात बँक चारांपैकी कोणत्याही कंपनीचा अहवाल मागवू शकते. १ जानेवारी २०१७ पासून यांतील प्रत्येक कंपनीने प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. म्हणजे चारही ठिकाणचे मिळून वर्षाला चार अहवाल एक पैसाही न देता पाहता येतात. ते थेट त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच काढावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘फुकट स्कोअर पाहा’ म्हणणाऱ्या अनेक ॲपमध्ये आपण ज्या संमतीवर बोट ठेवतो, तिच्यात कर्जाच्या जाहिरातींसाठी आपली माहिती वापरण्याची परवानगीही असते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती पूर्णपणे निराधार आहे.

कोणत्या ओळी पाहाव्यात

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साधारणपणे ७५० च्या पुढे असलेल्या अर्जदाराकडे बँका निश्चिंतपणे पाहतात. मात्र ७५० हा आकडा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. प्रत्येक बँक आपली रेषा स्वतः आखते आणि एकाच बँकेत साध्या कार्डाची रेषा वेगळी, महागड्या कार्डाची वेगळी असू शकते. पगार, बचत, मुदत ठेवी किंवा नावावरचे घर यांना स्कोअरच्या हिशेबात जागा नाही. तो फक्त घेतलेल्या उधारीच्या वागणुकीचा हिशेब आहे. उत्पन्न बँक अर्जातून वेगळे पाहते. सध्याचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाचा किती भाग खातात, नोकरी किती वर्षांची आहे आणि पत्त्याची पडताळणी नीट होते का, हेही ती तपासते. म्हणूनच ८०० स्कोअर असलेल्याचाही अर्ज नाकारला जाऊ शकतो.

अहवाल हाती आला की आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते तपासावेत. सारखे नाव आणि सारखी जन्मतारीख असलेल्या दुसऱ्याच माणसाचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसू शकते. ओळखीचे नसलेले खाते दिसल्यास ते गंभीरपणे घ्यावे, कारण ती चूक नसून आपल्या कागदपत्रांचा गैरवापरही असू शकतो.

त्यानंतर प्रत्येक खात्याखालची महिन्यांची रांग पाहावी. सिबिलच्या अहवालात ती मागील ३६ महिन्यांपर्यंत असते. ००० म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नव्हती, आणि इतर कोणताही आकडा म्हणजे तितके दिवस रक्कम थकली होती. रक्कम लहान होती की मोठी, हे त्या रांगेत दिसत नाही. ५९० रुपयांसाठीचे ०९० आणि ५० हजारांसाठीचे ०९० तिथे सारखेच दिसतात. माझ्या बहिणीचे नुकसान नेमके इथेच झाले.

खात्याची स्थिती काय लिहिली आहे, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. कर्ज पूर्ण फेडले की खाते ‘क्लोज्ड’ होते. वसुलीचा माणूस फोन करून ‘४० हजारांचे १५ हजारांत मिटवून टाका’ म्हणतो आणि आपण ते भरतो, तेव्हा मात्र खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. त्याचा अर्थ बँकेला तोटा सोसावा लागला असा होतो, आणि नवे कार्ड देणारी बँक त्या शेऱ्याकडे फार कठोरपणे पाहते. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचे पत्र घेऊन तो शेरा बदलून घ्यावा, त्याचा खर्च पुढे वसूल होतो.

आपल्याकडे सहकाऱ्याला किंवा नातेवाइकाला जामीन राहण्याची जुनी रीत आहे, आणि ‘नुसती सही तर आहे’ असे म्हणून ती दिली जाते. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते कर्ज येते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की त्याची झळ जामीनदाराला बसते. उलट, गावातल्या पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे इमानदारीने फेडले, तरी त्याची नोंद अहवालात असेलच असे नाही. ‘मी इतकी कर्जे फेडली, मग माझा स्कोअरच कसा नाही?’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

चूक आढळल्यास

नोंद चुकीची असेल तर संबंधित पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही लिहावे. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने दुरुस्त माहिती पाठवली की बदल होतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला असून तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत.

नोंद खरी असेल, तर ती पुसता येत नाही. ‘१० हजारांत सिबिल साफ करून देतो’ अशी पत्रके रस्त्यात वाटली जातात. त्यांच्या नादी लागू नये. थकबाकी भरणे आणि पुढचे महिने स्वच्छ ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते. माझ्या बहिणीने ५९० रुपये भरले. थकबाकी पतमाहिती कंपनीला कळवण्याआधी कार्डधारकाला सात दिवसांची सूचना द्यावी लागते, हा नियम दाखवून तिने विलंबशुल्क माफ करवून घेतले. मग ते कार्ड बंद करण्याची लेखी विनंती केली. अशी विनंती आल्यावर थकबाकी नसल्यास बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. ०९० आणि १२० हे आकडे तिच्या अहवालात राहिलेच, पण ‘थकीत रक्कम’ या रकान्यात शून्य आले आणि तो बदल महत्त्वाचा होता.

अर्ज कधी आणि किती करावेत

आपण अर्ज केला की बँक पतमाहिती कंपनीकडे विचारणा करते आणि त्या विचारणेची तारखेसह नोंद होते, मग अर्ज मंजूर होवो वा न होवो. महिन्याभरात पाच-सहा विचारणा दिसल्या, तर अर्जदाराला पैशांची निकड आहे असा अर्थ काढला जातो आणि स्कोअरही थोडा घसरतो. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर भेटवस्तूच्या बदल्यात भरून दिलेला अर्जसुद्धा अर्जच असतो, हे लक्षात ठेवावे. नकार आल्यावर लगेच दुसरीकडे धाव घेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. त्याऐवजी नकाराचे नेमके कारण लेखी मागावे; रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ते कारण लेखी कळवणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. त्यानंतर दोष दुरुस्त करून तीन ते सहा महिने थांबावे, असे मी सुचवेन.

आधीचे एखादे कार्ड असेल, तर त्याच्या मर्यादेचा किती भाग वापरात आहे, हेही पाहिले जाते. मर्यादा ५० हजारांची आणि खर्च ४२ हजारांचा असेल, तर बिल दरमहा पूर्ण भरूनही अहवालात ४२ हजार दिसू शकतात, कारण बँक ज्या दिवशी माहिती पाठवते त्या दिवशीची बाकी नोंदली जाते. जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवली जाते. त्यामुळे नव्या कार्डासाठी अर्ज करण्याआधीचे दोन-तीन महिने बिल येण्याची वाट न पाहता मधूनच रक्कम भरत राहावे आणि वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा. फक्त किमान देय रक्कम भरल्यास रांगेत ००० च येतात, पण बाकी फुगत जाते आणि तिच्यावर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज चढते.

ज्यांच्या नावावर आजवर कोणतीच उधारी नाही, त्यांच्या अहवालात स्कोअरच्या जागी उणे १ किंवा ‘एनएच’ असे लिहिलेले असते. हा दोष नाही. पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. तरी अशा व्यक्तीने आपले पगाराचे किंवा जुने बचत खाते ज्या बँकेत आहे तिथेच आधी विचारावे, कारण त्या बँकेला आपली आवक-जावक माहीत असते. तिथे जमले नाही तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज मिळत राहते, आणि बहुतेक ठिकाणी ठेवीच्या ७५ ते ९० टक्के इतकी मर्यादा मिळते. या कार्डाचे व्यवहार इतर कार्डांसारखेच पतमाहिती कंपनीकडे जातात, त्यामुळे सहा-आठ महिन्यांत स्वतःचा स्कोअर उभा राहतो.

माझ्या बहिणीनेही तेच केले. तिने २५ हजारांची ठेव ठेवून कार्ड घेतले, त्यावर फक्त वीजबिल आणि मोबाइलचे बिल लावले आणि पगाराच्या खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय केली. सात महिन्यांनी स्कोअर ७३१ झाला. ज्या बँकेने नकार दिला होता तिथे तिने अजून अर्ज केलेला नाही. येत्या जानेवारीत पुढच्या वर्षाचा मोफत अहवाल काढून, तो पुन्हा त्याच टेबलावर वाचूनच ती अर्ज करणार आहे.