बायबलमधील सरोवरे कशी वाचावीत

पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या गटात सरोवराचा उतारा निघाला की बहुतेक वेळा चर्चा थेट 'जीवनातील वादळे' या विषयाकडे वळते, आणि पाणी, नाव, वारा, किनारा ही सारी मंडळी दोन मिनिटांत बाजूला पडतात. तो अर्थ चुकीचा नाही. मात्र त्या घाईत शास्त्राने पाण्याविषयी जे बारकाईने सांगितले आहे ते हातून निसटते. पुण्यातील आमच्या घरसभेत आम्ही गेली काही वर्षे हे उतारे सावकाश वाचण्याची जी पद्धत वापरत आलो आहोत, ती येथे मांडतो. ती एकट्याने वाचणाऱ्यालाही वापरता येईल आणि आठ-दहा जणांच्या गटालाही.

सुरुवातीला दोन मराठी भाषांतरे जवळ घ्यावीत. एक आपल्या उपासनेत वाचले जाणारे असावे आणि दुसरे, मिळाल्यास, पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंनी पुण्यापासून फार दूर नसलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले आणि ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. दोन भाषांतरे शेजारी ठेवली की कोणता शब्द कोठे बदलतो ते डोळ्यांना दिसते, आणि सरोवरांच्या बाबतीत पहिले काम शब्दांचेच आहे.

योहान २१:१, लूक ५:१ आणि मार्क १:१६ ही तीन वचने एकापाठोपाठ वाचावीत. योहान 'तिबिर्य समुद्र' म्हणतो, लूक 'गनेसरेत सरोवर' म्हणतो आणि मार्क 'गालील समुद्र' म्हणतो. जुन्या करारात, गणना ३४:११ येथे, त्याच पाण्याला 'किन्नेरेथ' हे नाव आहे. नवीन वाचकाला ही चार वेगळी ठिकाणे वाटतात, पण पाणी एकच आहे, आणि तेही गोडे. मग त्याला समुद्र का म्हणायचे? हिब्रू भाषेत 'याम' हा एकच शब्द समुद्रालाही चालतो आणि मोठ्या सरोवरालाही. मत्तय, मार्क आणि योहान ग्रीकमध्ये लिहिताना तीच सवय पाळतात. लूक मात्र ग्रीक वाचकाला ओळखीचा असा सरोवराचा शब्द वापरतो. ही नोंद वहीत करून ठेवावी, कारण लूकचा हा शब्द पुढे एका अगदी वेगळ्या पुस्तकात पुन्हा भेटणार आहे.

यानंतर नकाशा काढावा. छापील नकाशा दाखवण्यापेक्षा प्रत्येकाने जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने काढलेला नकाशा अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. वर रुंद आणि खाली निमुळता असा आकार काढावा, वरून यार्देन नदी आत आणावी आणि खालून बाहेर न्यावी. उत्तर किनाऱ्यावर कफर्णहूम आणि बेथसैदा, पश्चिमेला तिबिर्य, आणि पूर्वेला गरसेकरांचा प्रदेश व दकापलीस एवढी नावे पुरेत. सरोवराची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटर आहे. शनिवारवाड्यापासून खडकवासल्याच्या धरणापर्यंत सरळ रेषेत जेवढे अंतर, साधारण तेवढी रुंदी, असे सांगितले की पुणेकराच्या मनात माप बसते. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे आणि सभोवती चढ आहेत. उंचावरची थंड हवा खालच्या उबदार हवेवर कोसळते आणि दऱ्यांतून वारा एकदम सुटतो, त्यामुळे तेथील कोळ्यांनाही वादळाची आधी चाहूल लागत नाही.

नावेचे मापही सांगावे. १९८६ साली दुष्काळामुळे सरोवराचे पाणी आटले असताना वायव्य किनाऱ्यावरील चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक लाकडी नाव सापडली. ती सुमारे ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद आहे. आम्ही एकदा बैठकीच्या खोलीत सुतळीने हे माप आखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लांबीला खोली अपुरी पडली आणि दोरी व्हरांड्यात न्यावी लागली. रुंदीत मात्र दोन माणसे हात पसरून उभी राहताच जागा संपली. तेवढ्या जागेत तेरा जण, वल्ही आणि जाळी बसवून पाहिली, मग मार्क ४:३५-४१ वाचले. येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे आणि पाणी आत येत आहे, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच सर्वांना जवळून दिसली.

आता भीतीकडे यावे. इस्राएली लोक दर्यावर्दी नव्हते आणि त्यांच्या लेखनात खोल पाणी हे बहुधा अव्यवस्थेचे, देवाने आवर घालावा अशा शक्तीचे चिन्ह असते. उत्पत्ती १:२ मध्ये सृष्टीपूर्वी जलाशयावर अंधार आहे, आणि स्तोत्र १०७ मध्ये तुफानाला शांत करणारा परमेश्वर आहे. आज नळाचे पाणी वापरणाऱ्याला ही भीती पटणे कठीण जाते. आमच्या गटात येणाऱ्या एका आजींनी हा प्रश्न सोडवला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून खडकवासल्याचेही धरण गेले आणि मुठेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. पुराविषयी त्या फार बोलल्या नाहीत. पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर राहिलेली चिखलाची रेघ त्यांनी हात उंचावून दाखवली, आणि वडिलांनी तीन वेळा चुना लावूनही ती पुन्हा पुन्हा उमटत असे, एवढेच सांगितले. त्यानंतर शिष्यांना 'अल्पविश्वासी' म्हणून मोडीत काढण्याची कोणाला घाई झाली नाही. ज्या गटात पानशेतची आठवण असलेले कोणी असेल त्यांनी त्या व्यक्तीला अवश्य बोलते करावे.

वादळाच्या उताऱ्यात एक तुलना न चुकता करावी. मार्क १:२५ मध्ये येशू अशुद्ध आत्म्याला धमकावून गप्प करतो आणि मार्क ४:३९ मध्ये वारा व समुद्र यांना. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापदे तीच आहेत. म्हणजे मार्कला ही हवामानाची गोष्ट सांगायची नाही. स्तोत्रात जे काम परमेश्वराचे आहे ते नावेतला हा माणूस करतो, आणि म्हणूनच वादळ शमल्यावर शिष्यांची भीती कमी होण्याऐवजी वाढते आणि 'हा आहे तरी कोण' असा प्रश्न त्यांना पडतो. तो प्रश्न गटातही उत्तर न देता थोडा वेळ तसाच राहू द्यावा.

येथे मराठी वाचकासाठी एक खास सूचना आहे. 'आपण पलीकडे जाऊ' हे वाक्य आपल्या कानावर पडताच भवसागर आणि पैलतीर आठवतात, कारण आपली भजने आणि कीर्तने त्याच शब्दांवर वाढली आहेत, आणि मराठी ख्रिस्ती गायनेही त्याला अपवाद नाहीत. त्या ओढीने 'पलीकडे' म्हणजे स्वर्ग असे वाचले जाते. मार्कचे 'पलीकडे' मात्र पेन्सिलीच्या नकाशावर दाखवता येते. तो पूर्व किनारा आहे, परक्यांचा, डुकरे पाळणाऱ्यांचा प्रदेश. वादळ पार करून येशू जेथे उतरतो तेथे त्याला कबरस्तानात राहणारा, साखळदंड तोडणारा एक माणूस भेटतो. सरोवर येथे यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधील सीमा आहे आणि नाव ती सीमा ओलांडते. नकाशावर मार्कच्या ४ ते ८ या अध्यायांतील प्रत्येक फेरी रेघेने दाखवावी, म्हणजे पाच हजारांचे जेवण एका बाजूला आणि चार हजारांचे बहुधा दुसऱ्या बाजूला का आहे, यावर चर्चा आपोआप सुरू होते.

पाण्यावरून चालण्याचा उतारा मत्तय १४, मार्क ६ आणि योहान ६ या तीन ठिकाणी आहे. लूकमध्ये तो नाही. 'रात्रीचा चौथा प्रहर' हे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत, कारण रोमी पहाऱ्यांचा हिशोब आपल्या प्रहरांशी जुळतो आणि वेळ पहाटे तीन ते सहाच्या दरम्यानची ठरते. सोबत ईयोब ९:८ वाचावे, जेथे समुद्राच्या लाटांवर चालणारा देव आहे; एवढे या उताऱ्यासाठी पुरे.

दुसरे मोठे सरोवर म्हणजे मृत समुद्र. शास्त्रात त्याला 'क्षार समुद्र' म्हटले आहे आणि हे नाव अधिक नेमके आहे. त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरहून अधिक खाली आहे, यार्देनचे पाणी त्यात येते, बाहेर जाण्यास वाट नाही, आणि बाष्पीभवनामुळे मीठ साठत जाऊन ते पाणी महासागराच्या जवळजवळ दहापट खारट झाले आहे. ज्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहिले आहे, त्यांना बाहेर वाट नसलेले खारे पाणी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही.

या सरोवराविषयी एक दृष्टांत उपदेशांत वारंवार ऐकू येतो: गालील समुद्र घेतो आणि देतो म्हणून जिवंत आहे, मृत समुद्र केवळ घेतो म्हणून मेलेला आहे. दृष्टांत सुबक आहे आणि दानधर्माच्या रविवारी उपयोगीही पडतो, पण तो शास्त्रातील नाही, हे गटाला स्पष्ट सांगावे असे माझे मत आहे. शास्त्र त्या सरोवराला कंजूष ठरवून सोडून देत नाही. यहेज्केल ४७ मध्ये मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. हजार हातांवर ते घोट्यापर्यंत, आणखी हजार हातांवर गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी पोहूनच जावे लागेल एवढे होते. ते अराबात, म्हणजे यार्देनच्या खोल दरीत, उतरून त्या खाऱ्या पाण्याला मिळते आणि ते पाणी बरे होते. एन-गेदीच्या काठावर, जेथे कोळ्याला काहीच काम नव्हते, तेथे जाळी वाळत पडतात. हा अध्याय मोठ्याने वाचावा आणि वाचताना घाई करू नये. दलदली व डबकी मात्र मिठासाठी तशीच ठेवली जातील, हे अकरावे वचनही गाळू नये. संपूर्ण बऱ्या झालेल्या पाण्याशेजारी मीठ का राखून ठेवले असावे, यावर आमच्याकडे एक संपूर्ण संध्याकाळ गेली होती.

हे वाचल्यावरच प्रकटीकरणातील अग्नीच्या सरोवराकडे जावे, आधी नको. नव्या करारात सरोवराचा तो ग्रीक शब्द केवळ लूक आणि प्रकटीकरण या दोन पुस्तकांत आढळतो. लूकने ज्या शब्दाने माशांनी भरलेले गनेसरेत सांगितले, त्याच शब्दाने योहान गंधकाने जळणारे सरोवर सांगतो. अग्नी आणि गंधक ही जोडी त्यांच्याच वर्षावाने नष्ट झालेल्या सदोम-गमोऱ्याची आठवण देते आणि ती नगरे परंपरेने क्षार समुद्राच्या परिसरात मानली जातात, त्यामुळे हे चित्र कोणत्या पाण्यावरून आले असावे याचा अंदाज बांधता येतो. या उताऱ्याने लहान मुलांना घाबरवण्याची रीत मला योग्य वाटत नाही. २०:१४ नीट वाचावे. तेथे त्या सरोवरात प्रथम मृत्यू आणि अधोलोक टाकले जातात, माणसांचा उल्लेख त्यानंतर येतो आणि त्याचे गांभीर्य कमी करण्याचेही कारण नाही. २१:१ मध्ये समुद्र उरत नाही, आणि २२ व्या अध्यायात जीवनाच्या पाण्याची नदी, दोन्ही काठांवर झाड, आणि राष्ट्रांच्या आरोग्यासाठी पाने येतात. ही पाने यहेज्केलच्या नदीकाठचीच आहेत. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की वाचक स्वतःच ते ओळखतो.

बेथेस्दा आणि शिलोह ही तळी योहानात येतात, परंतु ती शहरातील बांधलेली तळी असल्यामुळे त्यांचा अभ्यास वेगळा करावा. त्यांच्यासोबत यिर्मया २:१३ मधील फुटके हौद घेता येतील. कात्रजच्या तलावातून पेशवेकाळी आणलेल्या पाण्याचे हौद आणि पंचहौद हे नाव ज्या शहरात अजून बोलले जाते, तेथे हौद म्हणजे काय हे विचारावे लागत नाही.

शेवटच्या बैठकीसाठी लूक ५:१-११ आणि योहान २१:१-१९ राखून ठेवावेत आणि दोन वेगवेगळ्या आवाजांत, मध्ये न थांबता वाचावेत. दोन्हीकडे तेच सरोवर, रात्रभराचे वाया गेलेले श्रम आणि तोच पेत्र आहे. योहानाने किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव ठेवला आहे. तसा विस्तव नव्या करारात याआधी केवळ एकदा, १८:१८ मध्ये, पेत्राने येशूला नाकारले त्या अंगणात पेटलेला आहे. ऐकणाऱ्यांनी जाळ्याकडे लक्ष ठेवावे. लूकमध्ये ते फाटू लागते, आणि योहानात एकशे त्रेपन्न मोठे मासे येऊनही ते फाटत नाही.