ॲलर्जीची तपासणी: दरपत्रक बघून ठरवताय? या चुका टाळा

सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज. डॉक्टर तपासणी सुचवतात आणि आपण लगेच दर विचारतो, स्किन प्रिक टेस्टचा (त्वचेवर संशयित पदार्थाचा थेंब टाकून हलकं टोचून बघण्याची तपासणी) किती आणि रक्ततपासणीचा किती. तुलना इथेच फसते. दरपत्रकात एका तपासणीची किंमत असते, आपल्याला बघायचा असतो एका बरोबर उत्तराचा खर्च.

समजा, एखादी तपासणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे ॲलर्जी असलेले ओळखण्यात आणि नसलेले वगळण्यातही, ९० टक्के अचूक आहे. लक्षणं नीट न विचारता सरसकट १०० जणांची केली आणि त्यात खरी ॲलर्जी १० जणांनाच असली, तर ९ जण बरोबर सापडतील. पण उरलेल्या ९० पैकीही ९ जण पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे निम्मे पॉझिटिव्ह रिपोर्ट दिशाभूल करणारे. तीच तपासणी लक्षणं पारखून निवडलेल्या, ६० जणांना ॲलर्जी असलेल्या १०० जणांवर केली, तर ५४ खरे आणि ४ खोटे. दर तोच, तपासणी तीच. बदललं काय? आधी विचारलेले प्रश्न: त्रास कधी होतो, कुठे होतो, गादी झटकताना की मांजर जवळ आल्यावर? या प्रश्नांना पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा ते राहून जातात.

दुसरी चूक मोठ्या पॅनेलची, म्हणजे एकदम खूप गोष्टी तपासण्याची. रक्तातली स्पेसिफिक आयजीई (एखाद्या ठरावीक गोष्टीविरुद्ध शरीराने तयार केलेलं ॲलर्जीचं प्रतिपिंड) सहसा प्रत्येक ॲलर्जनमागे, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या प्रत्येक पदार्थामागे, आकारली जाते, त्यामुळे यादी लांबली की बिल फुगतं. स्किन प्रिकमध्ये एकाच बैठकीत डझनभर थेंब लावता येतात आणि १५-२० मिनिटांत निकाल दिसतो. संशय एक-दोन गोष्टींचाच असेल तर मात्र रक्ततपासणी स्वस्त पडू शकते. आणि पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जीच असं नाही: शरीराने आयजीई तयार केलेली असते, पण त्रास काहीच नसतो, असंही होतं. अशा रिपोर्टवर विसंबून घरातलं मांजर देऊन टाकणं हा खर्च कुठल्याच दरपत्रकात नसतो.

ॲलर्जीची गोळी घेऊन स्किन प्रिकला जाणं ही सगळ्यांत टाळता येण्याजोगी उधळपट्टी. या गोळीतल्या अँटिहिस्टामिनमुळे गांधी उठतच नाही. तुलनेसाठी लावलेल्या, एरवी गांधी उठवणाऱ्या हिस्टामिनच्या थेंबालाही प्रतिसाद आला नाही तर अख्खी तपासणी बाद. साधारण ५ ते ७ दिवस आधी गोळी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. काही नैराश्याची औषधंही आड येतात. नाकातले स्टेरॉइड स्प्रे येत नाहीत. गोळी थांबवणं शक्यच नसेल, अंगभर इसब असेल किंवा दमा आटोक्यात नसेल, तर रक्ततपासणीचे जास्तीचे पैसे वाया गेले असं समजू नका.

नुसती एकूण आयजीई बघून निर्णय घेऊ नका. ती जंतांमुळेही वाढते आणि ॲलर्जी असूनही नॉर्मल येते. आयजीजीवर (हे वेगळं प्रतिपिंड, ॲलर्जीचं नव्हे) आधारित पॅकेज तर सरळ नाकारा.

तपासणीआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे का?’ नाकातल्या स्प्रेने आराम पडत असेल आणि इम्युनोथेरपीचा (ॲलर्जनची शरीराला हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराचा) विचार नसेल, तर बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असतं. मग तपासणी थोडी थांबली तरी चालते.