ऑक्टोबरच्या कॉन्टेस्टची तयारी: आधी फेराइट, मग बाकीचं

हॅम रेडिओवर जगभरच्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचा सीक्यू वर्ल्डवाइडचा एसएसबी कॉन्टेस्ट ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. ४८ तास. यूटीसीनुसार शनिवारचे शून्य वाजले की सुरू, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच. यंदाही ठाण्यातल्या त्याच गच्चीवर क्लबच्या कॉलसाइनने (लायसन्सवरच्या ओळख-अक्षरांनी) बसायचं आहे. रिग (रेडिओ संच), माइक, हेडफोन, पॉवर सप्लाय कोणी विसरत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

फेराइट घ्या, म्हणजे वायरीवरून येणारा नको तो रेडिओ सिग्नल अडवणारी कडी. गेल्या वेळी तेच राहिले आणि त्यापायी दुपारभराचे कॉन्टॅक्ट गेले. झालं असं, की अँटेना गच्चीवर आणि रिग जिन्याच्या खोलीत, मध्ये जेमतेम काही फुटांचं अंतर. शंभर वॅट सोडले की कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जाळीवरून आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल, खाली यायचा आणि रिग-लॅपटॉपमधल्या यूएसबी केबलमध्ये शिरायचा. माऊस जागीच थिजायचा, तो निदान दिसायचा तरी. दिसलं नाही ते हे, की लॉगिंग सॉफ्टवेअरचा रिगशी संपर्क तुटला होता. आपण १५ मीटरच्या बँडवरून (बँड तरंगलांबीने ओळखतात) २० वर आलो, लॉग मात्र १५ च लिहीत राहिला. समोरच्याच्या लॉगशी आपली नोंद बँडसकट जुळावी लागते. नाही जुळली की तो क्यूएसओ (कॉन्टॅक्ट) बाद, आणि वर दंडाचे गुण कापले जातात ते वेगळेच. नव्या मुलांनी घसा बसेपर्यंत घेतलेले कॉन्टॅक्ट होते ते.

म्हणून फेराइट. चिमट्यासारखे बंद होणारे, मिक्स ३१ या मटेरियलचे, कारण एचएफवर, म्हणजे आपल्या शॉर्टवेव्ह बँडांवर, तेच नीट काम करतात. यूएसबी केबलच्या दोन्ही टोकांना एकेक, आणि केबल त्यातून एकदा सरळ न नेता दोन-तीन वेढे देऊन. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरला एक. माइकच्या वायरला एक. कोॲक्सला अँटेनाच्या फीडपॉइंटपाशी (कोॲक्स जोडतो तिथे) मोठ्या फेराइट रिंगवर आठ-दहा वेढ्यांचा चोक. हे सगळं आधी विकत आणून ठेवा. लॅमिंग्टन रोडला जायचं तर आदल्या आठवड्यात जा. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे धावण्यात काही अर्थ नाही.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या. सेक्रेटरी तोंडी ‘हो’ म्हणतात, पण रात्रपाळीच्या वॉचमनला ते कळलेलं नसतं. पत्रासोबत क्लबच्या आणि ऑपरेटरांच्या लायसन्सच्या झेरॉक्स जोडा. गच्चीची किल्ली शुक्रवारीच ताब्यात घ्या.

अँटेना शुक्रवारी उजेड असताना चढवा. २० मीटरचा डायपोल (मधोमध कोॲक्स जोडलेली तारेची अँटेना) साधारण १० मीटर लांब, ४० चा त्याच्या दुप्पट. टाकीच्या कठड्यापासून बांबूपर्यंत तिरका बसतो. दोरी नायलॉनची, आणि कठड्याच्या धारेवर घासणार नाही अशी. वायरची टोकं माणसाच्या हाताला लागतील इतकी खाली नकोत, त्या टोकांवर व्होल्टेज भरपूर असतं. जोडांवर आधी सेल्फ-फ्यूजिंग टेप, त्यावर साधी टेप. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसकट येतो. गडगडाट ऐकू आला की कोॲक्स रिगमधून काढा आणि टोक खोलीबाहेर ठेवा. ‘एवढा एक मल्टिप्लायर (एकूण गुणांना गुणणारा नवा देश किंवा झोन) होऊ दे’ हे त्या वेळी चालणार नाही.

यानंतर प्रत्येक बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते ते) तपासा, आणि मग पूर्ण पॉवरवर चाचणी. पूर्ण पॉवरवर. दहा वॅटवर सगळंच ठीक चालतं. एकाने माइकवर बोलायचं, दुसऱ्याने लॅपटॉपवर नजर ठेवायची: रिगचा डायल फिरवल्यावर स्क्रीनवरचा आकडा फिरतो का? १०, १५, २०, ४०, ८०, एकेक बँड. कुठेही अडखळलं तर आणखी फेराइट. आणि कॉन्टेस्टमध्येही बँड बदलला की पहिला कॉन्टॅक्ट लिहिण्याआधी स्क्रीनवरचा बँड मोठ्याने वाचायचा.

गोंगाटाचं पाहून ठेवा. त्या दिवसांत दिवाळी आसपासच असते, आणि एलईडीच्या माळा काही तुळशीच्या लग्नापर्यंत उतरत नाहीत. त्यांच्या स्वस्त ॲडॅप्टरचा खरखराट ४० आणि ८० वर बसतो. लिफ्टच्या मशीनरूमपासून तर लांबच राहा. छोटा ट्रान्झिस्टर एएमवर लावून गच्चीवर एक फेरी मारा, कुठल्या कोपऱ्यात खरखर कमी आहे ते पाच मिनिटांत समजतं. मग शेजाऱ्यांकडे जाऊन गोड बोलून विचारा, रात्री अकरानंतर माळ बंद ठेवाल का. बहुतेक जण ठेवतात.

विजेचं: १३.८ व्होल्टवर शंभर वॅटचा रिग ट्रान्समिटला वीसेक अँपिअर खेचतो, तेव्हा बॅकअप बॅटरी आणि जाड वायर. फ्यूज जादा ठेवा.

माणसं. पहिली पाळी शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला हवी. रविवारच्या पाळीत डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांनी मेगाब्लॉक बघून निघा, नाहीतर आधीचा माणूस सहा तास खुर्चीत अडकतो. नव्यांना रात्रीच्या उरलेल्या पाळ्या देऊ नका. दुपारी-संध्याकाळी १० आणि १५ मीटरवर युरोप मोकळा असतो तेव्हा बसवा, बाजूला एक जुना ऑपरेटर ठेवा. रिपोर्ट सोपा आहे: फाइव्ह नाइन, टू टू. फाइव्ह नाइन म्हणजे सिग्नल जोरदार, आणि टू टू म्हणजे जगाच्या विभागणीतला आपला झोन २२. भारतातल्या स्टेशनला शून्य गुण असले तरी प्रत्येक बँडवर एकदा घ्या, मल्टिप्लायर मिळतो. ४० मीटरवर आपली हद्द ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. झोपेत डायल पुढे सरकतो.

लॅपटॉपचा टाइमझोन भारताचा आणि घड्याळ इंटरनेटशी जुळवलेलं हवं, यूटीसी सॉफ्टवेअर स्वतः काढतं. लॉगची प्रत दर दोन तासांनी पेनड्राइव्हवर. पाणी, डास घालवायची कॉइल, चादर.

सोमवारी: लॉगची कॅब्रिलो फाइल (कॉन्टेस्टला लागणारा ठरलेला फॉरमॅट) काढा, कॉलसाइन आणि कॅटेगरी तपासा, पाच दिवसांच्या आत अपलोड करा, पोहोचल्याचा मेल जपून ठेवा. रेकॉर्डिंग ऐकून किंवा आठवून कॉलसाइन दुरुस्त करत बसू नका, ते नियमात बसत नाही. दोऱ्या उतरवा, टेपचे तुकडे उचला, गच्ची झाडा, किल्ली परत.