गोव्याचा आर्थिक इतिहास अभ्यासायला घेताना

गोव्याच्या आर्थिक इतिहासावर काम करू पाहणारे विद्यार्थी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी मनात खाणी धरलेल्या असतात. मी त्यांना आधी जनगणना उघडायला सांगतो.

१९६१ मध्ये गोव्यात दर हजार पुरुषांमागे १०६६ स्त्रिया होत्या. मग पुरुष गेले कुठे? मुंबईला, बोटींवर, पूर्व आफ्रिकेत. मुंबईत गावागावांचे कूड, म्हणजे एका गावच्या लोकांची सामाईक राहण्याची घरे, उभे राहिले ते त्यामुळेच. गोव्याची आयात निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त असे आणि ती तूट बरीचशी या चाकरमान्यांच्या पैशाने भरून निघे. परदेशी भांडवल म्हटले की आपल्याला बँका आणि कंपन्या आठवतात, पण इथली घरे मनिऑर्डरीवर चालत.

कंपन्यांचा पैसाही आला होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावची रेल्वे ब्रिटिश भांडवलावर झाली, पण तिच्यामागून कारखानदारी आली नाही. बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानच्या पोलाद उद्योगाला लोहखनिज हवे होते. यंत्रे उधारीवर द्यायची आणि फेड खनिजाने घ्यायची, अशा व्यवहारांतून १९५० च्या दशकात डिचोलीकडच्या खाणींवर यंत्रे आली. त्याच काळात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, मुंबईहून येणाऱ्या पैशावर निर्बंध आले आणि गोव्याचा सगळा भार खनिजावर पडला. या चार-पाच वर्षांवर हवा तेवढा वेळ घालवा. माणसे, पैसा आणि उद्योग यांचा संबंध इतका उघडा दुसरीकडे क्वचितच दिसतो.

मुक्तीनंतर ओघ उलटला. २०११ पर्यंत लोकसंख्या साडेचौदा लाखांवर गेली आणि स्त्रियांचे प्रमाण ९७३ वर उतरले, कारण आता कामगार बाहेरून येत होते.

आकडे जुळवताना दोन गोष्टी सांभाळा. पोर्तुगीज काळाच्या अखेरीस रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला, त्यामुळे रकमा थेट एकापुढे एक मांडता येत नाहीत. १९८७ पूर्वीच्या बऱ्याच कोष्टकांत दमण आणि दीव धरलेले असतात. कोष्टकांची शीर्षके आणि तळटीपा समजतील इतकी पोर्तुगीज शिकाच. पणजीत पाटोवरच्या केंद्रीय ग्रंथालयात आणि पुराभिलेख खात्यात तिच्यावाचून अडते.

अलीकडच्या काळावर काम करायचे असेल तर मात्र गावात जा. चीनची लोहखनिजाची मागणी वाढली तेव्हा अनेकांनी खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि हप्ते तुंबले. डिचोली, सांगे, केपे इथल्या घरांत ती कर्जाची कागदपत्रे अजून मिळतील. कोकणीत बोला, दोनदा-तीनदा जा, आणि कागद मागण्याआधी माणसाचे ऐकून घ्या.