सारकॉइडची लक्षणं एका कागदावर कशी मांडावीत

डोळ्यांचे डॉक्टर डोळा बघतात, छातीचे छाती बघतात आणि नडगीवरच्या गाठी घेऊन आपण तिसऱ्याच दवाखान्यात बसतो. सारकॉइडोसिसमध्ये (थोडक्यात सारकॉइड) नेमकी इथेच गोची होते. आजार एकच, पण सूज कुठेही येते: फुफ्फुसं, लसिकाग्रंथी, डोळे, कातडी, सांधे, हृदय, नसा. दर दवाखान्यात आपण तिथल्यापुरतंच बोलतो. म्हणून सगळं एका कागदावर आणायचं. मी कराडला ब्लाउज शिवते, डॉक्टर नाही. निदान त्यांनीच करायचं. आपण त्यांच्या हातात नीट माहिती द्यायची.

फुलस्केप घ्या, उभा दुमडा. डावीकडे अवयव, डोक्यापासून पायापर्यंत. उजवीकडे कधी सुरू झालं आणि काय होतं. जास्त दुखतं ते आधी लिहायला गेलं की बारीकसारीक हमखास राहून जातं, आणि इथे बारीकसारीकच कामाचं असतं.

डोळे. लाली, ठणका, उजेड नकोसा होणं, धूसर दिसणं, नजरेसमोर काळे ठिपके तरंगणं. मला सुईत दोरा ओवताना कळलं: दिव्याखाली डोळा मिटायला लागला, भोक दिसेना. शेजारणी म्हणाल्या, डोळे आलेत. पण चिपडं अजिबात नव्हती, आणि ही गोष्ट आवर्जून लिहा. आतल्या सुजेत बहुधा चिकट पाणी येत नाही. दुकानातून थेंब आणून घालत बसू नका. आणि सारकॉइडचं निदान झालं असेल, तर डोळ्याला काही होत नसलं तरी एकदा मशीनवर तपासून घ्या. सूज गुपचूपही राहते.

कानाखाली गालफुगीसारखी सूज आली असेल तर तीही लिहा. तोंड अचानक वाकडं झालं तर मात्र लिहीत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तो लकवाही असू शकतो.

छाती. कोरडा खोकला, जिना चढताना दम. किती पायऱ्यांवर थांबावं लागतं ते लिहा. ‘दम लागतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. एक्स-रेत गाठी दिसल्या की आपल्याकडे पहिला शब्द टीबी. त्यात चूक काही नाही, टीबीचे सर्वात जास्त रुग्ण भारतातच आहेत. दोन्ही आजारांत पेशींचे पुंजके होतात, पण टीबीच्या पुंजक्यात बहुधा मधला भाग कुजलेला असतो, सारकॉइडच्या सहसा नसतो. म्हणून कागदावर हे हवंच: थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीची तपासणी, झाली का, गाठीचा तुकडा तपासला का, टीबीची औषधं चालू केली असतील तर कधीपासून आणि काय फरक पडला. ती मनाने बंद करायची नाहीत. सारकॉइडला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात आणि आत टीबी दबा धरून असेल तर तो त्याने उसळतो, म्हणून ही खातरजमा आधी हवी. (सारकॉइड लागट नाही. आमच्याकडे माझं ताट वेगळं काढायची तयारी झाली होती!)

हृदय. धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं लगेच दाखवा. शुद्ध हरपली तर कागद राहू दे, घरच्यांनी थेट इस्पितळात न्यावं. एरवी ईसीजी झालाय का, एवढं तरी विचारा.

पाय. नडगीवर लालसर, गरम, दाबलं की कळ येणाऱ्या गाठी आणि सुजलेले घोटे. मशीनचा पायटा मारताना माझे दोन्ही घोटे भरून यायचे. मापाची टेप घरात होतीच. घोट्याच्या हाडाच्या वर, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ माप घेतलं. गाठींचा रंग पुढे काळानिळा होतो, म्हणून सुरुवातीलाच दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा. या गाठी, घोटेदुखी, ताप आणि छातीतल्या वाढलेल्या ग्रंथी एकत्र आल्या, तर त्याला लोफग्रेन या स्वीडिश डॉक्टरांचं नाव आहे. हा प्रकार बहुधा आपोआप बरा होतो.

आता एक गोष्ट बहुतेक जण सांगतच नाहीत: डी ३ च्या, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या, पुड्या. हाडं दुखली की गल्लीत कुणीही सुचवतं, दुधातून घे. सारकॉइडचे पुंजके स्वतःच ‘ड’ जीवनसत्त्व चेतवतात, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. मग तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मूतखडा. तेव्हा घेतलेली प्रत्येक गोळी, पुडी, काढा कागदावर येऊ द्या, आणि डी ३ किंवा कॅल्शियमची पुढची पुडी विचारल्याशिवाय फोडू नका.

थकवा लिहायला सगळ्यात अवघड. ‘फार थकते’ म्हटलं की ‘आराम करा’ ऐकायला मिळतं. काय जमेनासं झालं ते लिहा. माझं वाक्य होतं: ‘अस्तर कापून झालं की आडवं व्हावं लागतं, बाही दुसऱ्या दिवशी लागते.’ त्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवून पुढचं विचारलं.

मागच्या बाजूला औषधं आणि तारखा. स्टेरॉइड सुरू झालं की भूक, झोप, साखर यांत काय बदललं तेही तिथेच. स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं. कागदाच्या दोन झेरॉक्स काढा: एक फाईलला, एक डॉक्टरांच्या हातात, आत शिरल्या शिरल्या. तपासून झाल्यावर देण्यात अर्थ नाही, तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो.